गाडीच्या आरशात आपलीच गाडी कशाला बघायची?

मी गाडी शिकले तेव्हा मधला आरसा माझ्यासाठी नव्हताच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी सर बसायचे. त्यांच्या पायाशी जादा क्लच-ब्रेक आणि आरसा पूर्ण त्यांच्याकडे वळवलेला. मागचं सगळं ते बघायचे आणि मला सांगायचे, "घ्या डावीकडे, एसटी येतीय." हाफ क्लचवर चढावर गाडी धरायला शिकले, रिव्हर्स शिकले, लायसन्स मिळालं. आरसे कसे लावायचे हा विषय महिनाभरात एकदाही निघाला नाही.

मग मी सगळे लावतात तसेच लावले. उजव्या आरशात मागच्या दाराचं हँडल आणि डाव्या आरशात जवळजवळ अख्खी डावी बाजू. आरशात आपली गाडी दिसली की बरं वाटतं. सात-आठ वर्षं अशीच गेली. एकदा सातारा रस्त्यावर इंडिकेटर देऊन, मधला आरसा बघून, डावा आरसाही बघून मी डावीकडे सरकायला लागले, तर खिडकीशी एक स्कूटरवाला ओरडला. तो आभाळातून पडला नव्हता. मागच्या दाराशेजारी चांगला पाच-सहा सेकंद चालत असणार. दोन आरशांत बघून मला तो दिसला नाही, कारण दोन्ही आरसे मला एकच गोष्ट दाखवत होते: माझ्या थेट मागचा रस्ता.

या लेखाचा मुद्दा तेवढाच आहे. वाड्याला तीन राखणदार ठेवावेत आणि तिघांनी पुढच्याच दाराशी गप्पा मारत उभं राहावं, तसे बहुतेक गाड्यांचे तीन आरसे लावलेले असतात. मागच्या काचेतून जे दिसतं ते मधला आरसा उत्तम दाखवतो. बाहेरच्या दोघांनी तेच परत दाखवायचं काय कारण?

ब्लाइंड स्पॉट नेमका कुठे असतो, ते डोळ्यांसमोर आणा. मागून एक मोटरसायकल तुमच्या डावीकडून येतेय. लांब असते तोवर ती मधल्या आरशात दिसते. जवळ येऊ लागली की मागच्या काचेच्या कडेने निसटते. आता ती डाव्या आरशात यायला हवी, पण तो आरसा आतल्या बाजूला वळलेला असल्याने त्याचा बराच भाग तुमच्या दारानेच खाल्लाय आणि उरलेल्या भागात मागचा रस्ता आहे. त्यामुळे मोटरसायकल त्यातूनही लवकर बाहेर जाते. पुढे ती तुमच्या पुढच्या दारापर्यंत आली की डोळ्याच्या कोपऱ्यात जाणवते. मधली जी जागा, साधारण मागच्या बंपरपासून पुढच्या दारापर्यंत, तिथे ती कुठेच नसते. आणि आपल्याकडे मोटरसायकली नेमक्या तिथेच रेंगाळतात, कारण गाडी आणि फूटपाथ यांच्यामधली गॅप हा त्यांचा हक्काचा रस्ता.

यावरचा उपाय जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी इंजिनिअरने 1995 साली तिथल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्ससमोर मांडलेल्या निबंधात सांगितला. नवा आरसा नको, कॅमेरा नको. आहेत तेच बाहेरचे आरसे आणखी बाहेर वळवा, असं त्याचं म्हणणं. किती बाहेर, हे ठरवायची युक्तीही त्याने दिली. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून इथे आपल्या गाडीप्रमाणे उलटवून सांगते.

आधी सीट. हे सोडून थेट आरशांना हात घालायचा नाही, कारण डोकं चार बोटं हललं तरी आरशातलं चित्र बदलतं. पाठ टेकून, रोज बसता तसं बसा. फोटोला बसल्यासारखं ताठ नको. मग मधला आरसा कडांना धरून असा फिरवा की मागची काच पूर्ण त्यात मावेल. आपला चेहरा, मागे बसलेली पोरं, यांपैकी काही नको.

आता उजवा आरसा. डोकं उजवीकडे कलवून खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवा. तसंच राहून आरसा बाहेर फिरवत न्या, आपल्या गाडीची कड आरशाच्या आतल्या काठावर जेमतेम दिसेल इतका. आता सरळ बसा. गाडी आरशातून गायब झालेली असेल. डाव्या आरशासाठी डोकं डावीकडे, दोन्ही सीटच्या मधोमध, हँडब्रेकच्या वर येईल इतकं न्या आणि तेच करा. वर-खाली म्हणाल तर लांबचा रस्ता जिथे आभाळाला भिडतो ती रेघ आरशाच्या साधारण मध्यावर यावी. बटणावर फिरणारे आरसे असतील तर हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे. बेस मॉडेलमध्ये डावा आरसा हातानेच ढकलावा लागत असेल तर बाहेर कुणाला तरी उभं करा, नाहीतर पाच-सहा वेळा गाडीला प्रदक्षिणा घालावी लागते.

फिरवताना घाई करू नका. आरसा 1 अंशाने फिरवला की त्यातलं दृश्य 2 अंशांनी फिरतं. शाळेत शिकलेला परावर्तनाचा नियमच हा: किरण येताना कोन बदलतो आणि जातानाही बदलतो. म्हणून बोटभर ढकललेला आरसा भलतीकडेच बघायला लागतो.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खरं खोटं बघायला कॉलेजातल्या भाच्याला सायकल घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलं. जुन्या पद्धतीने आरसे लावून मी आत बसले आणि तो सायकल हातात धरून मागून डाव्या बाजूने, गाडीपासून दीड-दोन हातांवरून चालत आला. दर पावलाला, "मावशी, दिसतोय?" मागे होता तोवर दिसला. मग मागच्या चाकाच्या जरा अलीकडे आरशातून गेला आणि माझ्या शेजारच्या खिडकीत उगवला, तेव्हा मधली चार पावलं होऊन गेली होती. चार पावलं म्हणजे सायकलसकट अख्खा माणूस मावून उरेल एवढी जागा. मग आरसे बाहेर वळवून तोच खेळ परत. या वेळी मधल्या आरशातून तो निघायच्या आत डाव्या आरशाच्या आतल्या कडेला त्याचं पुढचं चाक दिसलं, आणि डाव्या आरशातून त्याची पाठ जायच्या आत त्याचं हँडल मला थेट दिसू लागलं. एका आरशाने दुसऱ्याच्या हातात दिल्यासारखा तो पुढे सरकत गेला. आरसे नीट लागले की नाही याची हीच कसोटी. घरचं माणूस नसेल तर गाडी रस्त्याकडेला सुरक्षित उभी करून मागून पुढे जाणाऱ्या गाड्यांवर बघा. तिन्ही ठिकाणांपैकी कुठेतरी प्रत्येक गाडी सतत दिसत राहिली पाहिजे.

पहिले दोन दिवस मात्र कसंतरीच वाटतं. आपल्या गाडीला अंगच नाही असं वाटतं. माझ्या नवऱ्याने तर दुसऱ्याच दिवशी आरसे परत आत घेतले. "गाडी दिसत नाही तर अंदाज कसा येणार?" हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडचे रस्ते अमेरिकेसारखे नाहीत. पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाक्या लावलेल्या असतात, तिथे आपल्या गाडीची कड आणि दुसऱ्याचं हँडल यांत किती अंतर आहे ते बघावंच लागतं. त्यावर माझी तडजोड अशी: आरशाच्या आतल्या काठाला गाडीची एक बारीक पट्टी, करंगळीच्या नखाएवढी, ठेवायची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे दोन्ही बाहेरचे आरसे बहिर्गोल असतात, सपाट आरशापेक्षा जास्त रुंद दाखवतात, त्यामुळे एवढी पट्टी परवडते. आणि पार्किंग करताना गाडीची बाजू नीट बघायची असेल तर आरसा हलवू नका, डोकं हलवा. आरसा लावताना जसं खिडकीकडे कलला होतात तसं कललं की गाडीची कड परत दिसते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र पट्टीच्या फंदात पडू नये. तिथे नियमाने ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट असतो, म्हणजे दिसणारी जागा मुळातच अरुंद.

बहिर्गोल आरशाची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आरशावर बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं की आतल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण किती जवळ?

सव्वा मीटर त्रिज्येचा बाक धरून मी एकदा कागदावर गणित मांडलं. 20 मीटर मागे असलेली मोटरसायकल सपाट आरशात जेवढी दिसली असती त्याच्या निम्मीच उजव्या आरशात दिसते. डावा आरसा तसाच, तेवढ्याच बाकाचा, पण तो डोळ्यापासून जवळजवळ दुप्पट लांब आहे. त्यात तीच मोटरसायकल तिसऱ्या हिश्श्याएवढी दिसते. म्हणजे 20 मीटरवरची गाडी डोळ्याला 60 मीटरवर असल्यासारखी वाटते. तुम्ही ताशी 60 ने चाललाय आणि ती 80 ने येतेय, तर ती तुमच्यापर्यंत साडेतीन सेकंदांत पोचेल. तुमचा अंदाज मात्र दहा-अकरा सेकंदांचा. "आत्ता तर लांब होता, एवढ्यात कसा आला?" हे वाक्य आपण रस्त्यावर किती वेळा म्हणतो! तो वेगात असेलही, पण बरेचदा तो लांब नव्हताच.

म्हणून दोन आरशांना दोन वेगळे प्रश्न विचारायचे. कुणी आहे का, हे बाहेरच्या आरशाला. किती लांब आहे आणि किती जोरात येतोय, हे मधल्या आरशाला, कारण तो सपाट असतो आणि अंतराबाबत फसवत नाही. यामुळेच मधल्या आरशावर चढवायचे ते लांबलचक रुंद आरसे मला आवडत नाहीत. ते बहुधा बहिर्गोल असतात. सगळं दिसतं खरं, पण गाडीतला अंतर खरं सांगणारा एकुलता एक आरसा आपण पैसे देऊन घालवतो. बाहेरच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे त्यापेक्षा बरे. गल्लीत मागचं चाक गटाराच्या कडेपासून किती लांब आहे ते कळतं. हायवेवर त्यात बघून लेन बदलू नका, त्यात ट्रकही मुंगीएवढा असतो.

डाव्या आरशाची आपल्याकडे तशीही परवडच. बऱ्याच वर्षांपर्यंत स्वस्त मॉडेलना डावा आरसाच नसायचा. तो जादा पैसे देऊन बसवायचा. आता असतो, तर मिटलेला असतो. सिग्नलला थांबलात की आजूबाजूला मोजा, दर काही गाड्यांमागे एकीचा डावा आरसा कानाला हात लावल्यासारखा दाराला चिकटलेला दिसेल. कारण विचारलं तर "टू-व्हीलरवाले ठोकून जातात". ज्यांच्यासाठी तो आरसा उघडा हवा, त्यांच्याच भीतीने मिटवायचा!

ट्रकवाल्यांनी ही अडचण फार पूर्वी माणूस बसवून सोडवली. डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला, दारावर थाप मारत "जाऊ दे, जाऊ दे" म्हणणारा क्लीनर म्हणजे ट्रकचा चालताबोलता डावा आरसा. एसटी रिव्हर्स घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो ते त्याच जातीचं काम. ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' हे मला त्याच मालिकेतलं वाटतं. मागचं नीट दिसत नाही, तेव्हा आवाज द्या. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये या अक्षरांवर बंदी घातली, विनाकारण हॉर्न वाजवायला ती उत्तेजन देतात म्हणून. बरंच झालं, पण ट्रकला दिसत नाही ही गोष्ट त्या बंदीने बदलत नाही. ट्रकच्या डावीकडे, केबिनपासून मागच्या चाकांपर्यंत लांबच लांब पट्टा असा असतो जिथे गाडी बुडून जाते. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या बरोबरीने गाडी चालवत राहू नका. पुढे जा, नाहीतर मागे राहा.

आरसे कितीही नीट लावले तरी लेन बदलायच्या आधी मान वळवून खांद्यावरून एक नजर टाकायचीच. फरक एवढाच की आता मागच्या सीटपर्यंत अंग वळवावं लागत नाही, खिडकीकडे पटकन बघितलं की पुरतं. ताशी 60 च्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे 17 मीटर पुढे जाते. समोरून नजर काढायची ती जितकी थोडी तितकी चांगली.

रात्रीचा एक फायदा मला नंतर कळला. आरसे बाहेर वळवले की थेट मागून अप्पर मारणाऱ्याचा झोत बाहेरच्या आरशांतून डोळ्यांत येत नाही. उरतो मधला. त्याच्या खाली जी छोटी दांडी असते ती ओढा. त्या आरशाची काच एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, पाचरीसारखी असते. दिवसा आपण मागच्या चांदीच्या थरातलं प्रतिबिंब बघतो. दांडी ओढली की तो झोत छताकडे जातो आणि डोळ्यांसमोर येतं ते काचेच्या नुसत्या पुढच्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब, जेमतेम 4 टक्के प्रकाशाचं. मागचे दिवे दिसतात, टोचत नाहीत. मात्र त्यात अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून झोत गेला की दांडी परत.

काळ्या काचांचंही इथेच सांगते. बाहेरचा आरसा आपण बाजूच्या काचेतूनच बघतो, हे काच काळी करताना कुणाच्या लक्षात येत नाही. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. त्याहून गडद काच लावली तर रात्री पावसात आरसा असून नसल्यासारखा. पोरांना ऊन लागतं म्हणून पुढच्या खिडकीला लावलेली जाळीही तेच करते. ती मागच्या खिडकीला लावा. पावसाळ्यात आरसा पुसला आणि काच तशीच ठेवली, तर थेंबांतून थेंब बघावे लागतात. दोन्ही पुसायचं.

एक अपवाद सांगायला हवा. वर सांगितलेलं सगळं मधला आरसा मागची काच बघू शकतोय या भरवशावर उभं आहे. गणपतीला कोकणात निघालात आणि डिकीतल्या बॅगा छतापर्यंत गेल्या, किंवा उन्हाळ्यात येताना फणस आणि आंब्याच्या पेट्या मागे रचल्या, की तो भरवसा संपला. अशा वेळी बाहेरचे आरसे थोडे आत घ्यायचे, म्हणजे मागचाही रस्ता दिसेल. बाजूचा पट्टा त्यामुळे पुन्हा आंधळा होतो हे ध्यानात ठेवून मान जास्त वळवायची. शक्य असेल तर एखादी बॅग मागच्या सीटच्या पायाशी जाऊ द्या आणि काचेचा वरचा हातभर भाग मोकळा ठेवा.

आणि लांबच्या प्रवासात, चार-पाच तासांनी, मधल्या आरशात मागच्या काचेचा खालचा काठ दिसेनासा झाला तर लगेच आरशाला हात लावू नका. सकाळी नीट होता ना? म्हणजे आरसा हललेला नाही, तुम्ही सीटवरून घसरत खाली आलाय. नीट बसा. तरीही पाच मिनिटांत परत घसरत असाल तर पुढच्या ढाब्यावर थांबून चहा घ्या.

पोचल्यावर रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावलीत की उजवं दार उघडायचं ते डाव्या हाताने. उजव्या हाताने उघडलं तर नजर समोरच राहते. डावा हात छातीवरून पलीकडे नेला की खांदा आपोआप वळतो आणि डोळे आरशावरून मागच्या रस्त्यावर जातात. बाहेर वळवलेल्या आरशात तिथला सायकलवाला आता दिसतोही. पहिला आठवडाभर हात चुकतो. माझा तर महिनाभर चुकत होता.